सिड चिपचा आवाज आणि त्याची सॉफ्टवेअर प्रतिकृती

कमोडोर 64 हा घरगुती संगणक जानेवारी 1982 मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात पहिल्यांदा मांडला गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 595 डॉलरला विकायला आला. आवाजाचे काम त्यात एका स्वतंत्र चिपकडे होते. कमोडोरच्याच मालकीच्या मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने बनवलेली ही 6581 क्रमांकाची चिप, ‘साउंड इंटरफेस डिव्हाइस’, पुढे ‘सिड’ याच नावाने ओळखली गेली. तोवर घरगुती संगणकाचा आवाज म्हणजे सपाट चौकोनी लहर, फार तर सोबत थोडी खरखर. सिडमधून वाद्याचा म्हणता येईल असा आवाज निघाला, आणि तो योगायोगाने निघालेला नव्हता. चिपची रचना करणारे अभियंते रॉबर्ट यानेस यांना इलेक्ट्रॉनिक वाद्यांची ओढ होती. कमोडोर सोडल्यावर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एन्सोनिक ही सिंथेसायझर बनवणारी कंपनी काढली. संगणकातली चिप सिंथेसायझरच्या धर्तीवर बांधायची, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

सिडमध्ये तीन ऑसिलेटर आहेत. प्रत्येकातून त्रिकोणी, करवती, पल्स आणि नॉईज अशा चार प्रकारच्या लहरी काढता येतात. प्रत्येकाला स्वतःचा एन्व्हलप आहे, म्हणजे स्वर किती वेळात चढावा, कुठे टिकावा आणि कसा विरावा हे ठरवणारी यंत्रणा. या तिघांचा आवाज हवा तर एका सामाईक फिल्टरमधून जातो. यानेस यांच्या मनात एकच ऑसिलेटर वेळ वाटून वापरायचा आणि त्यातून 32 आवाज काढायचे असे होते, पण मुदत फार थोडी होती. म्हणून एक ऑसिलेटर पक्का करून त्याचीच तीनदा नक्कल चिपवर बसवली गेली. प्रोसेसरच्या दृष्टीने ही सगळी चिप म्हणजे 54272 या पत्त्यापासून सुरू होणारी 29 रजिस्टरे. त्यांपैकी 25 मध्ये फक्त लिहिता येते आणि 4 मधून फक्त वाचता येते. या चार रजिस्टरांपैकी दोन पुढे फार महत्त्वाची ठरली.

सिडवरचे संगीत हा एक प्रोग्रॅम असतो. 1985 मध्ये ‘मॉन्टी ऑन द रन’ आणि ‘कमांडो’ या खेळांचे संगीत देणारे रॉब हबर्ड, किंवा मँचेस्टरच्या ओशन कंपनीत काम करणारे मार्टिन गॉलवे, हे स्वर कागदावर लिहून कुणाकडे वाजवायला देत नव्हते. ते मशीन कोडमध्ये वादनाचे ‘रुटीन’ लिहीत. युरोपातल्या टीव्हीच्या पडद्यावर चित्र सेकंदाला 50 वेळा रंगते. दर वेळी एकदा हे रुटीन चालायचे आणि रजिस्टरांत नवे आकडे भरून थांबायचे. तीनच आवाज हाताशी, म्हणून पूर्ण कॉर्ड एकाच आवाजात बसवायची युक्ती निघाली: कॉर्डमधले तीन स्वर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला एक असे आळीपाळीने वाजवायचे. कानाला ते एकत्र गुंफलेले, थरथरते ऐकू येतात. ढोलाच्या थापेसाठी त्याच आवाजाला क्षणभर नॉईजवर नेऊन लगेच खाली घसरणारी लहर द्यायची. या संगीताची सगळी खुमारी अशा कारागिरीत आहे. 1986 मध्ये क्रिस ह्युल्सबेक यांचा ‘साउंडमॉनिटर’ हा प्रोग्रॅम जर्मनीतल्या एका मासिकात छापून आला. तिथून मशीन कोड न शिकलेल्यांनाही संगीत रचता येऊ लागले.

या पद्धतीमुळे रचनेची ‘प्रत’ म्हणजे काय, हे वेगळ्याच रीतीने ठरले. कॅसेटवर उतरवलेला आवाज ही एका वादनाची नोंद झाली; मूळ रचना म्हणजे काही किलोबाइटचा कोड, आणि तो चालवायला कमोडोरच हवा. दुसऱ्या संगणकावर तो वाजवायचा तर त्या संगणकाला आधी 6510 या प्रोसेसरचे सोंग घ्यावे लागते आणि मग सिडचे. चिपचे अनुकरण करणाऱ्या प्लेअरचा सारा इतिहास या दोन सोंगांचा आहे. पहिले तुलनेने लवकर जमले. दुसऱ्याला दोन दशकांहून जास्त काळ लागला.

पहिला मोठा प्रयत्न कमोडोरच्याच पुढच्या संगणकावर, अमिगावर झाला. ऐंशीचे दशक संपता संपता पेर होकान सुंडेल आणि रॉन बिर्क यांनी कमोडोर 64 वरील शंभर लोकप्रिय सुरावटी अमिगावर वाजवून दाखवणारा एक डेमो केला आणि त्यातून ‘प्लेसिड’ हा प्लेअर आकाराला आला. अमिगातला 68000 प्रोसेसर जेमतेम 7 मेगाहर्ट्झचा. त्याने जुन्या प्रोसेसरचा कोड एकेक आज्ञा वाचून पाळायचा आणि वर आवाजाची प्रत्येक लहरही गणिताने घडवायची, एवढी त्याची ताकद नव्हती. सुंडेल आणि बिर्क यांनी आवाजाचे काम अमिगाच्या ‘पॉला’ या ध्वनिचिपवर टाकले. पॉलाला चार वाहिन्या होत्या: तीन वाहिन्यांवर सिडचे तीन आवाज, चौथीवर ध्वनिमुद्रित तुकडे. फिल्टरचे अनुकरण मात्र झालेच नाही. त्यामुळे ज्या रचनांचा जीव फिल्टरमध्ये होता त्या उघड्याबोडक्या वाजत.

प्लेसिडचे खरे योगदान त्याच्या फाईलच्या रचनेत आहे. खेळाच्या 64 किलोबाइट स्मृतीतून संगीताचा कोड शोधून काढायचा, सुरुवात करणाऱ्या रुटीनचा पत्ता आणि सेकंदाच्या दर पन्नासाव्या भागाला हाक मारायच्या रुटीनचा पत्ता हुडकायचा, आणि हे सगळे एका छोट्या मथळ्यासह साठवायचे, अशी ती रीत. मथळ्याच्या सुरुवातीला ‘पीसिड’ ही चार रोमन अक्षरे, मग कोड स्मृतीत कुठे ठेवायचा तो पत्ता, ते दोन पत्ते, फाईलमध्ये किती सुरावटी आहेत तो आकडा, आणि शेवटी रचनेचे नाव, संगीतकार व प्रकाशनाची माहिती यांसाठी प्रत्येकी 32 बाइट. आवाजाचा एक कणही त्यात नाही. चार-पाच किलोबाइटच्या फाईलमधून कितीही मिनिटांचे संगीत निघते ते यामुळेच. प्लेसिड मागे पडला, पण हा मथळा थोड्या भरीसह आजही चालू आहे.

नव्वदच्या दशकात केंद्र पीसीकडे सरकले. जर्मनीतील मिखाएल श्वेंट यांचा ‘सिडप्ले’ अनेक प्रकारच्या संगणकांवर चालू लागला, आणि पॉलासारखा मदतनीस नसल्यामुळे इथे आवाजाचा प्रत्येक बिंदू प्रोसेसरलाच मोजून काढावा लागला. तेव्हा एक अडचण पुढे आली. युरोपातल्या कमोडोर 64 चे घड्याळ सेकंदाला 985248 ठोके देते आणि सिडचा आवाज प्रत्येक ठोक्याला बदलू शकतो. पीसीचे ध्वनिकार्ड मात्र सेकंदाला 44100 बिंदू घेते. म्हणजे सिडच्या साधारण 22 ठोक्यांमागे एक बिंदू. मधले ठोके सोडून दर बाविसावा उचलला तर उंच स्वरांत मूळ रचनेत नसलेले बेसूर स्वर शिरतात. सगळे ठोके मोजून ते गाळून घ्यायचे तर त्या काळच्या प्रोसेसरची दमछाक होई. जलद पण कर्कश, की शुद्ध पण जड, ही निवड प्लेअर लिहिणाऱ्यांना बरीच वर्षे करावी लागली.

स्वराची उंचीही घड्याळावर अवलंबून असते. सिडमध्ये 24 बिटांचा एक गणक असतो. रजिस्टरमधला आकडा त्यात प्रत्येक ठोक्याला मिळवला जातो आणि गणक भरून वाहिला की लहरीचे एक आवर्तन पूर्ण होते. 440 हर्ट्झच्या स्वरासाठी युरोपीय यंत्रावर 7493 च्या आसपासचा आकडा लागतो, तर अमेरिकी यंत्रावर 7218, कारण तिथले घड्याळ 1022727 ठोक्यांचे आहे. युरोपात लिहिलेली रचना अमेरिकी यंत्रावर जशीच्या तशी चालवली तर ती अर्धस्वराच्या (सेमिटोनच्या) निम्म्याहून जास्त चढी लागते आणि पडदा सेकंदाला 60 वेळा रंगत असल्याने लयही वाढते. मूळ मथळ्यात घड्याळाची नोंदच नव्हती. ती पुढच्या आवृत्तीत आली, आणि रचना चिपच्या कोणत्या पिढीसाठी लिहिली तेही त्याच वेळी नोंदवले जाऊ लागले.

नव्वदचे दशक सरता सरता नॉर्वेचे डाग लेम यांनी ‘रिसिड’ लिहिले आणि या कामाची पातळीच बदलली. चिप कानाला कशी वाटते यावरून सूत्रे जुळवण्याची रीत त्यांनी सोडली आणि चिप आत काय करते ते ठोक्यागणिक उभे करायला घेतले. इथे ती दोन वाचता येणारी रजिस्टरे कामी आली. यानेस यांनी ती संगीतकारांच्या सोयीसाठी दिली होती: एकातून तिसऱ्या ऑसिलेटरची लहर त्या क्षणी कुठे आहे ते कळते, दुसऱ्यातून तिसऱ्या एन्व्हलपची पातळी. ही रजिस्टरे ठोक्याठोक्याला वाचत गेले की चिपच्या अंकीय भागाची हालचाल कानावर विसंबून न राहता आकड्यांत हाती येते.

त्यातून निघालेल्या गोष्टी माहितीपुस्तकात नव्हत्या. स्वर विरतो तेव्हा त्याची पातळी वक्राकार उतरावी लागते. सिडमध्ये हा वक्र तुकड्यातुकड्यांनी साधला आहे. पातळी 255 वरून सरळ उतरते, 93 ला पोहोचली की वेग निम्मा होतो, 54 ला चौथाई, 26 ला आठवा हिस्सा, 14 ला सोळावा आणि 6 ला तिसावा. एन्व्हलपचा वेग ठरवणाऱ्या 15 बिटांच्या गणकातही एक खोच आहे. तो ठरलेल्या आकड्याशी बरोबर जुळल्यावरच पुढचे पाऊल टाकतो. संगीतकाराने मध्येच लहान आकडा लिहिला आणि गणक त्याच्या पुढे गेलेला असला, तर गणकाला पूर्ण फेरी मारून यावे लागते. त्यात सुमारे 33 मिलिसेकंद जातात आणि स्वर उशिरा उठतो. कमोडोरवरचे संगीतकार या दोषाला चांगले ओळखून होते. नवा स्वर लावण्याआधी रुटीनच्या एक-दोन फेऱ्या एन्व्हलप शून्यावर आणून ठेवायची सवय त्यांनी लावून घेतली होती. प्लेअरमध्ये हा दोष नसेल तर त्याला चुकवण्यासाठी लिहिलेला कोड स्वरांची टोकेच बदलून टाकतो. म्हणून दोष हुबेहूब वठवणे हा अचूकतेचाच भाग ठरला.

दोन लहरी एकाच वेळी निवडल्या तर काय होते, याचेही उत्तर असेच मिळाले. माहितीपुस्तकानुसार दोन्हींचे बिट तार्किक ‘अँड’ने जोडले जातात. प्रत्यक्षात चिपमधल्या तारा एकमेकींना ओढतात आणि कोणत्याही साध्या नियमात न बसणारी तिसरीच लहर तयार होते. लेम यांनी तिला सूत्रात बसवण्याचा अट्टहास केला नाही. खऱ्या चिपमधून ती वाचून तिचा तक्ताच प्रोग्रॅममध्ये ठेवला.

फिल्टरला मात्र असे कोणतेही रजिस्टर नाही. तो अनुरूप, म्हणजे ॲनालॉग पद्धतीचा आहे. आत चाललेले काही वाचता येत नाही, फक्त बाहेर पडलेला आवाज मोजता येतो. त्यात 6581 ज्या प्रक्रियेने बनत असे ती अंकीय चिपांसाठी होती, ध्वनिवर्धकांसाठी नव्हे. प्रत्येक चिपचा फिल्टर थोडा निराळा निघे. मिरजेच्या एकाच कारागिराच्या हातचे दोन तंबोरे जसे तंतोतंत एकसारखे बोलत नाहीत, तशीच एकाच खोक्यातल्या दोन सिडांची गत होती. माहितीपुस्तकात फिल्टरची कक्षा 30 हर्ट्झपासून 12 किलोहर्ट्झपर्यंत दिली आहे; बऱ्याच 6581 चिपा 200 हर्ट्झच्या खाली उतरतच नसत. संगीतकार आपल्या टेबलावरच्या यंत्रावर ऐकून आकडे बसवी, आणि तीच रचना दुसऱ्या घरी कोंदट किंवा पातळ ऐकू येई.

फिल्टरच्या वक्रात एक उडीही आहे. कोणत्या वारंवारतेवर कापायचे ते 11 बिटांच्या आकड्याने ठरते. 0 ते 2047 असा आकडा चढवत नेला की कापण्याची जागाही चढत जावी ही अपेक्षा. पण आकड्याचा विद्युतदाब करणारी रोधकांची शिडी 6581 मध्ये सदोष आहे: रोधकांचे प्रमाण 2 ऐवजी 2.2 च्या आसपास आणि शेवटचा रोधक गायब. परिणामी सर्वांत मोठ्या बिटाचे वजन धाकट्या बिटांच्या बेरजेपेक्षा कमी भरते. रिसिडच्या सुरुवातीच्या मोजमापांत 1023 या आकड्याला फिल्टर सुमारे 6000 हर्ट्झवर आहे, आणि 1024 ला तो एकदम 4600 वर खाली येतो. सावकाश उघडत जाणारा फिल्टर मध्येच दचकल्यासारखा वाटतो तो इथे. 1986-87 च्या सुमारास आलेल्या 8580 या सुधारित चिपमध्ये ही शिडी नीट बांधलेली आहे आणि वक्र जवळपास सरळ आहे. चिप म्हणून ती निःसंशय चांगली. पण जुन्या रचना जुन्या चिपच्या तऱ्हा धरून लिहिलेल्या असल्याने नव्या चिपवर त्या बदललेल्या ऐकू येतात.

सुरुवातीच्या रिसिडने फिल्टरचा वक्र पकडला, पण फिल्टरमधून मोठा आवाज गेल्यावर येणारी जाड, घोगरी विकृती त्यात नव्हती. फिनलंडचे अंती लंकिला यांनी तिचे गणित मांडून रिसिडची एक नवी शाखा काढली. 2010 च्या सुमारास लेम यांनी स्वतः पुन्हा काम हाती घेतले. या वेळी आधार होता चिपचे आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या छायाचित्रांचा. त्यांवरून फिल्टरमधला एकेक ट्रान्झिस्टर ओळखला गेला, वर्धकांची वागणूक खऱ्या चिपवर मोजली गेली आणि फिल्टरचे समीकरण त्या मांडणीवरून सोडवले गेले. या टप्प्यावर ऐकून जुळवण्याची जागा चिपच्या रचनेने घेतली, आणि या साऱ्या वाटचालीतले हे सर्वांत मोठे पाऊल म्हणायला हवे.

दरम्यान पहिल्या सोंगालाही, म्हणजे उरलेल्या संगणकाच्या अनुकरणाला, कसोटी लागत होती. तिचे कारण आवाजाच्या पातळीचे रजिस्टर. 6581 मध्ये पातळी बदलली की बाहेर एक बारीक ठोका उमटतो. हे ठोके सेकंदाला काही हजार वेळा, हव्या त्या उंचीचे दिले तर त्यांतून ध्वनिमुद्रित ढोल किंवा माणसाचा आवाजही वाजवता येतो. पायऱ्या फक्त 16, तरी ओळखू येण्याइतका. गॉलवे यांनी 1987 मध्ये ‘अर्कनॉइड’च्या संगीतात हे तंत्र वापरले. 8580 मध्ये हा ठोका जवळजवळ नाहीसा झाला आणि अशा रचनांतले ढोल पुसट झाले. जुन्या प्लेअरना सेकंदाच्या दर पन्नासाव्या भागालाच जाग येत असल्याने मधल्या हजारो ठोक्यांचा त्यांना पत्ताच नसे. म्हणून संगीत काढून घेणारे लोक कोडमध्ये बदल करून, सिडमध्ये नसलेल्या पत्त्यांवर प्लेअरसाठी खुणा लिहून ठेवीत. वाजायला सोय झाली, पण तो कोड खऱ्या कमोडोरवर चालेनासा झाला.

हा गुंता 2000 नंतर सुटला. सायमन व्हाइट यांच्या ‘सिडप्ले 2’ने प्रोसेसर, वेळमापक चिपा आणि पडद्याची चिप यांना सिडबरोबर ठोक्याला ठोका मिळवून चालवले. त्याच्याच जोडीने ‘आरसिड’ हा फाईलचा कडक प्रकार आला. अशा फाईलमधले संगीत खऱ्या कमोडोरवर चाललेच पाहिजे, प्लेअरसाठी वेगळी सवलत नाही. वादनाच्या रुटीनचा पत्ताही मथळ्यात नसतो. वेळेचा सारा कारभार कोड स्वतः बघतो. खुणा घालून बिघडवलेल्या रचना मग मूळ खेळांतून पुन्हा काढून घेतल्या गेल्या.

हे काम करणारे हात ‘हाय व्होल्टेज सिड कलेक्शन’चे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वयंसेवकांनी वाढवत आणलेल्या या संग्रहात आज 50 हजारांहून अधिक फाइली आहेत, संगीतकारांच्या नावाने लावलेल्या. त्याच्यासोबत एक माहितीयादी असते: कोणती सुरावट कोणत्या गाण्यावरून घेतली, संगीतकाराने तिच्याबद्दल काय सांगितले. दुसरी यादी कालावधींची. प्रोग्रॅम स्वतःहून थांबत नाही, सुरावट फिरत राहते. मग प्लेअरने पुढच्या रचनेकडे केव्हा वळायचे? प्रत्येक फाईलचा अंकीय ठसा आणि तिच्यातल्या एकेका सुरावटीची लांबी अशी ही यादी लोकांनी मिळून तयार केली.

इतर चिपांच्या वाट्याला सोपे मार्ग आले. जनरल इन्स्ट्रुमेंटची एवाय-3-8910 आणि तिचे यामाहाकृत रूप वायएम 2149 यांत फिल्टर नाही. अटारी एसटीवरच्या संगीतासाठी सेकंदाच्या दर पन्नासाव्या भागाची रजिस्टरे नुसती ओळीने नोंदवून ठेवणारी ‘वायएम’ फाईल पुरेशी ठरली. प्रोसेसरच्या सोंगाची गरजच उरली नाही. निन्टेंडोच्या खेळयंत्राची ‘एनएसएफ’ फाईल मात्र पीसिडच्या वळणावर गेली: कोड, आरंभाचा पत्ता, वादनाचा पत्ता. सुपर निन्टेंडोसाठी ध्वनिप्रोसेसरची 64 किलोबाइट स्मृती जशी होती तशी गोठवून ठेवण्याची पद्धत रुळली.

अनुकरण पुरेसे न वाटणाऱ्यांनी खऱ्या चिपाच पीसीला जोडल्या. ‘हार्डसिड’ या कार्डावर मूळ सिड बसवायची सोय होती आणि प्लेअर फक्त आकडे पाठवी. स्वीडनच्या इलेक्ट्रॉन कंपनीने 1999 मध्ये ‘सिडस्टेशन’ हा 6581 वर चालणारा सिंथेसायझर काढला. पण कमोडोर कंपनी 1994 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नव्या चिपा बनणे संपले. वापरातल्या 6581 तापतात आणि वयानुसार निकामी होतात, त्यामुळे साठा घटतच जातो.

सिडप्लेची परंपरा आज लेआंद्रो निनी सांभाळत असलेल्या ‘लिबसिडप्लेएफपी’ या सॉफ्टवेअर लायब्ररीत चालू आहे. लंकिला यांच्या शाखेतून आलेले सिडचे अनुकरण त्यात आहे, आणि ब्राउझरमध्ये चालणारे प्लेअरही आता मिळतात. बहुतेक प्लेअरमध्ये 6581 की 8580 हे निवडता येते, आणि 6581 निवडली तर फिल्टरचा वक्र कमीजास्त सरकवायची पट्टी असते, कारण प्रमाण मानावी अशी एकच 6581 कधी नव्हती. नव्या रचनाही होत आहेत. काही रसिकांनी कमोडोरमध्ये दुसरी आणि तिसरी सिड बसवून सहा आणि नऊ आवाजांचे संगीत लिहायला घेतल्यावर मथळ्याच्या तिसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या चिपच्या पत्त्याला जागा दिली गेली, चौथीत तिसऱ्या चिपच्या.